रोह्याला उतरा

दिव्याहून सुटलेली मेमू पनवेल, आपटा, पेण, नागोठणे करत रोह्याला येते आणि तिथेच संपते. पुढे रूळ आहेत, पण ते कोकण रेल्वेचे. 15 सप्टेंबर 1990 ला त्या रेल्वेची पायाभरणी झाली ती इथेच, आणि पार ठोकूरपर्यंतचे 741 किलोमीटर मोजायला सुरुवात होते तीही इथूनच. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याला रोहा ठाऊक असतं ते एवढंच. ‘रोहा गेलं का?’ असं वरच्या बर्थवरून कुणीतरी विचारतं, ‘आत्ताच गेलं’ म्हणून उत्तर येतं, आणि पिशव्यांतले डबे बाहेर निघतात.

मीही वर्षानुवर्षं त्याच लोकांतला. एकदा पुढची गाडी हुकली, हातात पाच तास होते, म्हणून रिक्षा करून गावात गेलो. तेव्हापासून रोह्याला मुद्दाम उतरतो.

आधी नदी बघावी. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, समोर अष्टमी. नगरपरिषदेचं नावही ‘रोहा अष्टमी’ असं जोडीनंच. मी ती पहिल्यांदा पाहिली ऐन मे महिन्यात. कोकणातल्या नद्यांचा मेमधला अवतार आपल्याला माहीत आहे: गोटे, चार डबकी आणि डबक्यांत बसलेल्या म्हशी. ही मात्र वाहत होती. पुलाच्या कठड्याला टेकलेल्या एका आजोबांना विचारलं तर म्हणाले, ‘‘हे काय आमचं पाणी होय? हे वरनं येतं, टाटांचं.’’

आजोबांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात, मुळा नदी मुळशीच्या धरणात अडवली आहे. ती आपल्या वाटेनं गेली असती तर पुण्यात मुठेला मिळून, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचली असती. पण टाटांनी तिचं पाणी डोंगर फोडून पश्चिमेला वळवलं, घाटाच्या कड्यावरून नळांतून सुमारे अर्धा किलोमीटर खाली सोडलं आणि 1927 साली भिऱ्याच्या वीजघरातली यंत्रं त्यावर फिरू लागली. वीज मुंबईला गेली. पाणी कुंडलिकेत आलं आणि तिथून अरबी समुद्राला. या धरणात बुडणाऱ्या जमिनींसाठी मावळातल्या शेतकऱ्यांनी 1921 ते 1924 सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते त्याच लढ्यात. आज कोलाडला हौशी मंडळी राफ्टिंगच्या तराफ्यांत बसून किंचाळतात, तेही याच सोडलेल्या पाण्यावर. पावसाळा नसताना नदीला एवढी ओढ येते कुठून, हे तराफ्यात बसलेल्या किती जणांना माहीत असतं, कोण जाणे.

वरून मुळशीचं गोडं पाणी आणि खालून भरतीबरोबर चढणारं रेवदंड्याच्या खाडीचं खारं. खाडीच्या तोंडाशी एका अंगाला चौल-रेवदंडा, दुसऱ्या अंगाला कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला. बोलोन्याचा प्रवासी लुडोविको दि वार्थेमा चौलला येऊन गेला. त्याचं प्रवासवर्णन 1510 साली रोममध्ये छापून निघालं. खाडीतून तो वर आला नाही. आला तो एक इंग्रज. मे 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून निघालेला हेन्री ऑक्झिंडन चौलवरून होडीनं याच खाडीतून वर आला आणि अष्टमीला उतरला. बरोबर दुभाष्या नारायण शेणवी. पुढचा रस्ता जमिनीवरचा, निजामपूरमार्गे रायगडापर्यंत. म्हणजे अष्टमी तेव्हाही गाडी बदलायचं ठिकाण! तो उतरला तो धक्का नेमका कुठे असेल, म्हणून मी अष्टमीचा काठ पायी फिरलो. तसं सांगणारा एखादा फलक काही मला दिसला नाही.

फलक लावायचेच म्हटले तर रोह्याला भिंती कमी पडतील. मॅगसेसे पुरस्कार मिळालेली दोन माणसं या एवढ्याशा गावाची. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावी 1896 चा, पण बालपण रोह्याचं. 1912 ला मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घेतली. 1950 ला देशाचे अर्थमंत्री झाले आणि 1956 ला मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. एरवी आकड्यांत बुडालेल्या या माणसानं ‘मेघदूता’चा मराठी पद्यानुवादही केला, याचं मला जास्त अप्रूप. त्यांना मॅगसेसे मिळालं 1959 ला. दुसरे पांडुरंगशास्त्री आठवले, स्वाध्याय परिवाराचे ‘दादा’. जन्म इथलाच, 19 ऑक्टोबर 1920 चा. त्यांना 1996 ला मॅगसेसे आणि पुढच्याच वर्षी टेम्पलटन. एकानं देशाचा जमाखर्च लिहिला, दुसऱ्यानं कोळीवाड्यांत आणि आगरांत गीता नेली.

पण रोहेकराला गावाचा मोठा माणूस कोण, असं विचारलं तर तो या दोघांपैकी कुणाचंच नाव आधी घेणार नाही. तो म्हणेल, धावीर महाराज. ग्रामदैवत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची पालखी निघते आणि निघण्याआधी देवाला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. इंग्रज अमदानीपासूनची ही रीत. उजाडता उजाडता मंदिरापुढे गर्दी दाटते. ढोल-ताशा एकदम थांबतो. हुकूम सुटतो, बंदुका खांद्यावरून खाली येतात आणि बुटांचा एकच आवाज होतो. माझ्या शेजारच्या मावशींनी कडेवरच्या नातवाला हात जोडायला लावले. त्या पठ्ठ्यानं हात जोडण्याऐवजी समोर बघून कडक सलाम ठोकला. मावशी म्हणाल्या, ‘‘असूं दे, महाराजांना तोही चालतो.’’

मग पालखी गावात शिरते ती दुसऱ्या दिवशीच परतते. अंधार आळी, धनगर आळी, दमखाडी... प्रत्येक आळीची रांगोळी, प्रत्येक आळीची कमान, आणि पालखी आपल्या दारी जरा जास्त थांबावी म्हणून प्रत्येक आळीची गोड दांडगाई. सून पहिल्या वर्षाची असो की मुंबईला गेलेला थोरला, या दिवशी घरी हजर. इटलीतल्या सिएना नावाच्या शहरात 2 जुलै आणि 16 ऑगस्टला अशाच आळ्या-आळ्या ईर्षेनं घोडे पळवतात, आणि ती शर्यत बघायला आपल्याकडचे लोक वर्षभर आधी व्हिसाच्या रांगेत उभे राहतात. त्यांना माझं काही म्हणणं नाही. फक्त दिवा-रोहा मेमूला व्हिसा लागत नाही.

जानेवारीत गेलात तर एखाद्या रोहेकराशी ओळख काढून जा, म्हणजे पोपटी मिळेल. ही हॉटेलात बसून खायची वस्तू नव्हे. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या ओल्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, जाडं मीठ, पुन्हा पाला. तोंड पाल्यानंच गच्च बंद करायचं, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. आत पाण्याचा थेंब नाही. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. ‘चर्र’ झालं की उतरवायचं. मग सगळे उकिडवे बसून, बोटं भाजत, शेंगा सोलत खातात. भांबुर्ड्याचा तो ओवा-कापरासारखा वास दोन दिवस स्वेटरला राहतो.

आजूबाजूला बघण्यासारखं पुष्कळ. अवचितगड, घोसाळगड, सुरगड हे किल्ले एकेका दिवसाचे. तळा गावाच्या पुढे मांदाडजवळ कुड्याची बौद्ध लेणी, जिथे राजघराण्यातल्या माणसांबरोबर माळ्याच्या, वैद्याच्या, लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या दानाचीही नोंद दगडात आहे. आणि धाटावची औद्योगिक वसाहत, जी पर्यटनाच्या पुस्तिकेत नसते. तिथल्या रसायनांच्या कारखान्यांवर तालुक्यातल्या कित्येक घरांच्या चुली पेटतात, आणि खाडीतल्या मासळीचं नाव काढलं की कोळी त्याच दिशेला मान वळवतात. वारा फिरला की वासही येतो. ते लपवून रोह्याचं वर्णन करणं बरं नव्हे.

परतीची गाडी पकडण्याआधी मी पुन्हा पुलावर जातो. नदीचा काठ आता बांधून काढला आहे, संध्याकाळी तिथे फिरणारे, भेळ खाणारे, सायकल शिकणारी पोरं. गेल्या खेपेला भरती होती. मधोमध एक तुटकी फांदी वरून वाहत आली, पुलाखाली थबकली, थोडा वेळ तिथल्या तिथे फिरली, आणि मग हळूहळू उलटी, डोंगराकडे निघाली. मी घड्याळ पाहिलं. मेमूला वीस मिनिटं होती.