खाकी उतरल्यावर पिस्तुलाचा परवाना
(लेखमाला ‘शस्त्र आणि नागरिक’ : लेखांक ६)

भद्रावती तालुक्यातले माजरी हे कोळशाचे आणि रेल्वेच्या फाट्याचे गाव. एका अंगाला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी, दुसऱ्या अंगाला वणीकडे फुटणारा लोहमार्ग आणि जवळच भद्रावतीची चांदा आयुध निर्माणी. चंद्रपूर मागे टाकून पूर्वेला गेले की गडचिरोलीचे जंगल सुरू होते. या साऱ्या पट्ट्यात खांद्यावर बंदूक वागवत नोकरी केलेली माणसे गावोगाव भेटतात. कुणी जिल्हा पोलीस दलात होता, कुणी राज्य राखीव दलात, कुणी सीआरपीएफमध्ये, कुणी पलटणीत. नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी १९९० साली गडचिरोलीत सी-६० पथक उभे राहिले. त्यात भरती झालेले तेव्हाचे स्थानिक तरुण आता निवृत्तीच्या वयाला पोचले आहेत.

अशा माणसाला निवृत्तीनंतर स्वतःचे पिस्तूल घ्यायचे असेल, तर त्याला परवान्यातून सूट आहे का? ‘पोलिसात होते ना, मग त्यांना कोण विचारतो,’ असे गावात सर्रास बोलले जाते. कायदा मात्र विचारतो, आणि नीट विचारतो.

शस्त्र अधिनियम १९५९ सालचा, अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक घेता येत नाही, बाळगताही येत नाही. पोलिसाच्या कमरेला पिस्तूल असते ते कलम ४५ च्या आधारे. लोकसेवक आपले कर्तव्य बजावताना शस्त्र बाळगत असेल, तर त्याला हा कायदा लागू होत नाही. ही मुभा कर्तव्याला जोडलेली आहे, माणसाला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोपाचा हार गळ्यात पडतो, शस्त्र शस्त्रागारात जमा होते, आणि दुसऱ्या दिवसापासून तोच माणूस या कायद्यापुढे माजरीतल्या किराणा दुकानदाराइतकाच सामान्य नागरिक ठरतो. तीस-पस्तीस वर्षे बक्कल नंबर मिरवला, म्हणून त्याचा अर्ज टळत नाही.

तरीही त्याच्या सेवेची दखल कायदा घेतोच. शस्त्र नियम, २०१६ मधल्या नियम १२ मध्ये परवाना देताना कुणाचा विचार करावा हे सांगितले आहे. त्यात संरक्षण दले, केंद्रीय सशस्त्र पोलीस दले किंवा राज्य पोलीस दलात असलेल्या वा राहिलेल्या व्यक्तीचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र त्याच वाक्यात अट आहे : जीविताच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज असली पाहिजे. म्हणजे सेवापुस्तक अर्जाला बळ देते, परवाना हातात ठेवत नाही. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडेच जातो, पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, शारीरिक आणि मानसिक प्रकृतीचा वैद्यकीय दाखला लागतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली आणि एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली.

याच २०१६ च्या नियमांत शस्त्र-सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही आखून दिला आहे. शस्त्र सुरक्षितपणे हाताळणे व सोबत नेणे, गोळी झाडण्याची पद्धत, निगा, साठवण, वाहतूक असे त्याचे विषय आहेत. माजी पोलिसाला हे पुन्हा कशाला शिकवायचे, असा प्रश्न साहजिकच येतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, शिकवायला हवे, आणि त्याची कारणे या माणसांच्या नोकरीतच आहेत.

पहिले कारण शस्त्राचे. पोलीस आणि लष्कराचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. गंभीर धोका असलेल्यांचा अपवाद सोडला, तर ते खासगी माणसाला मिळत नाही. निवृत्ताच्या वाट्याला येते ते बहुधा .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, नाहीतर बारा बोअरची बंदूक. ज्याने सारी उमेद रायफल वागवण्यात घालवली, त्याच्या हाताला रिव्हॉल्व्हरचे चक्र नवीनच असते. पिस्तुलातली मॅगझिन काढली म्हणजे ते रिकामे झाले असे होत नाही, एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असू शकते. म्हणून मॅगझिन काढल्यावर स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि बोट घालून चाचपायचे. ही सवय त्या त्या शस्त्रावर घोटून घ्यावी लागते. शिवाय दलातला प्रत्येक जण बंदूकधारी नसतो. अनेकांची नोकरी ठाण्याच्या कारकुनीत, वाहतुकीत, बंदोबस्ताच्या लाठीवर सरते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. नोकरीत शस्त्र सांभाळायची एक व्यवस्था असते. कुणी काय नेले, किती गोळ्या परत आल्या, याची नोंद रजिस्टरवर होते. कुलूप दुसऱ्याच्या ताब्यात असते. घरी हे काहीच नसते. कपाट असते, कपाटाच्या चाव्या उशीखाली असतात आणि अंगणात नातवंडे खेळत असतात.

परवानाधारकाच्या घरात काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात शिरली. कपाटात ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. हल्लेखोराने वापरलेले पिस्तूल त्याच्या खासगी अंगरक्षकाच्या परवान्यावरचे असल्याचे तपासात पुढे आले. परवाना एकाचा, ट्रिगरवरचे बोट दुसऱ्याचे. शस्त्र कुठे, कुणाच्या हाताला लागेल असे ठेवले आहे, या एका गोष्टीवर किती जीव टांगलेले असतात, हे यातून दिसते.

खाणी, बँका, एटीएमची रोकड वाहणाऱ्या गाड्या यांच्यावर राखणीला निवृत्त जवान आणि पोलीस असतात. तिथे प्रशिक्षणाबाबत कायद्याने मधला मार्ग काढला आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याने भरतीत माजी सैनिक आणि माजी पोलिसांना प्राधान्य दिले. २००६ च्या केंद्रीय नमुना नियमांत नवख्या रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर प्रशिक्षण ठेवले गेले. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना संक्षिप्त अभ्यासक्रम : ४० तास वर्गात, १६ तास मैदानावर, किमान सात दिवसांत. अनुभवाचा मान राखला, पण प्रशिक्षण शून्यावर आणले नाही.

परदेशात याच प्रश्नाची दोन उत्तरे एकाच देशात सापडतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात बंदूक घेण्याआधी सुरक्षा प्रमाणपत्र लागते. ३० प्रश्नांच्या लेखी परीक्षेत किमान २३ उत्तरे बरोबर यावी लागतात. सेवेतले आणि सन्मानाने निवृत्त झालेले पोलीस अधिकारी यातून वगळले आहेत. मात्र अमेरिकेच्याच २००४ च्या संघीय कायद्याने निवृत्त पोलिसांना देशभर छुपे शस्त्र बाळगण्याची मुभा देताना दर बारा महिन्यांनी नेमबाजीची कसोटी पार करण्याची अट घातली. दोन्हींत दुसरी वाट आपल्याला जवळची वाटावी. भारतातही सरसकट सूट अगदीच अनोळखी नाही. कर्नाटकातल्या कोडगूत कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे, आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. पण ती इतिहासातून आलेली आहे. नोकरीच्या वर्षांवरून कुणाला तशी सूट मागता येत नाही.

गडचिरोलीतल्या निवृत्त पोलिसाची अडचण मात्र खरी आहे, तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. ज्याने नक्षलवाद्यांविरुद्ध मोहिमा केल्या, तो निवृत्तीनंतर आपल्याच गावी परततो. त्याचा चेहरा आणि घर साऱ्यांना माहीत असते. त्याची गरज सिद्ध करायला आणखी कसला पुरावा हवा? पोलीस अहवाल आल्यावर साठ दिवसांत निर्णय द्यावा, असे नियम सांगतात. अशा अर्जांवर तो त्याहून लवकर व्हावा. सवलत द्यायची तर ती इथे, कागद फिरण्याच्या वेळेत द्यावी. प्रशिक्षणात आणि साठवणुकीत देऊ नये.

निवृत्तीला वर्ष-सहा महिने उरलेल्यांनी एवढे करावे : अर्जासोबत सेवेचा दाखला आणि शस्त्र-प्रशिक्षणाच्या नोंदी जोडाव्यात. घरात पोलादी पेटी भिंतीत पक्की बसवून घ्यावी, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात. आणि वारसाचा विचार आधीच करावा. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, तर ते कायदेशीर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र त्या वारसालाही स्वतःचा परवाना घ्यावाच लागतो.

(पुढील लेखांक : निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे जमा का करावी लागतात?)