दुर्बिणीच्या केबल्स : एका दुर्लक्षित अंगाचा विचार



आकाशनिरीक्षणावरील व्याख्यानात तेजोमेघ, दीर्घिका आणि ग्रहणे यांचे वर्णन व्हावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत व्याख्यानात मात्र मी एका साध्या वाटणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. आकाशाचे छायाचित्र घेण्यासाठी दुर्बिणीला वीज व संदेश पुरविणाऱ्या ज्या तारा जोडाव्या लागतात, त्यांची व्यवस्था कशी असावी, हा तो विषय होय. ‘तारा’ हा शब्द आपल्या भाषेत आकाशातल्या ताऱ्यालाही लागू पडतो. घोटाळा होऊ नये म्हणून मी ‘केबल’ हाच शब्द वापरणार आहे. दुर्बीण घेताना आरशाची व कॅमेऱ्याची कसून चौकशी होते, केबलची कोणी करीत नाही. परंतु निरभ्र, चंद्रविरहित रात्र वाया घालविण्याचे सामर्थ्य तिच्यात पुरेपूर असते.

हे समजण्यासाठी थोडे मागे पाहू. आपल्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आकाशाचा छायाचित्रीय तारासंग्रह तयार करण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यात भाग घेतला होता आणि 8 इंची छायाचित्रण-दुर्बिणीने आपल्या वाट्याचे पट्टे पूर्ण केले होते. त्या काळच्या छायाचित्रण-दुर्बिणी घड्याळी यंत्राने फिरत. निरीक्षक जोडदुर्बिणीला डोळा लावून एखादा तारा धाग्यांच्या फुलीवर धरून ठेवी व चूक दिसताच हाताने दुरुस्त करी. आज निरीक्षकाचे हे काम लहानसा मार्गदर्शक कॅमेरा, संगणक आणि मोटारी करतात. डोळा व हात यांच्या जागी केबल्स आल्या, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता अचूकतेचा प्रश्न. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला 15 विकला सरकतो. विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. पाच मिनिटांच्या छायाचित्रात आकाश सव्वा अंश, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या अडीचपट सरकते आणि तेवढ्या अवधीत दुर्बिणीने त्याचा पाठलाग एकदोन विकलांच्या मर्यादेत करावयाचा असतो. एक मीटर लांबीच्या नळीचे टोक एका विकलेने हलणे म्हणजे अवघे 5 मायक्रोमीटर हलणे. माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही ते कमी आहे. लोंबणाऱ्या केबलची ओढ याहून अधिक हालचाल सहज घडवून आणते.

केबलचे वजन कायम असेल तर ते तितकेसे बाधत नाही. समतोल साधताना त्याची भरपाई होते. बाधते ती बदलती ओढ. दुर्बीण फिरत जाते तसतशी केबल ताणली जाते, तिपाईच्या खिळीत अडकते आणि मग एकाएकी सुटते. मार्गदर्शक कॅमेऱ्याला हा झटका घडून गेल्यावरच कळतो. तोवर तारे लांबट उमटलेले असतात. थंडीत पी.व्ही.सी.चे आवरण ताठ होते व केबल स्प्रिंगसारखी वागू लागते. सिलिकोनचे आवरण अशा वेळी मऊ राहते.

यावरील उपायाचे मूळ एकाच तत्त्वात आहे : केबल फिरत्या भागावरून स्थिर भागावर येताना अक्षाच्या शक्य तितक्या जवळून यावी. अक्षापासून 50 सेंटिमीटर दूर असलेला बिंदू दुर्बीण 90 अंश फिरताच सुमारे 78 सेंटिमीटर प्रवास करतो. 5 सेंटिमीटरवरचा बिंदू जेमतेम 8 सेंटिमीटर. पहिल्या ठिकाणाहून केबल सोडली तर ती खेचली जाणारच. दुसऱ्या ठिकाणी तिला किंचित पीळ बसतो, एवढेच. काही माउंटच्या पोकळ अक्षातूनच केबल्स नेण्याची सोय असते, ती याच कारणाने.

दुसरे असे की, खाली उतरणाऱ्या केबल्सची संख्या कमी करावी. वीजवाटपाची पेटी व छोटा संगणक दुर्बिणीच्या नळीवरच बसविला, तर कॅमेरा, फोकसची मोटार आणि दवरोधक पट्टे यांच्या केबल्स आखूड राहतात व नळीबरोबरच फिरतात. जमिनीकडे जाते ती केवळ विजेची एक केबल. सर्व केबल्स जोडल्यानंतरच दुर्बिणीचा समतोल साधावा, आधी नव्हे.

प्रत्येक केबल जोडणीच्या अलीकडे नळीला वेल्क्रोच्या पट्टीने बांधावी, म्हणजे ओढ बसलीच तर ती पट्टीवर बसेल, कॅमेऱ्याच्या नाजूक खाचेवर नव्हे. फोकस पुढेमागे होण्यास पुरेल इतका सैलपणा मात्र ठेवावा. त्यानंतर दिवसाउजेडी दुर्बीण हाताने चारही दिशांना फिरवून पाहावी. जर्मन पद्धतीच्या माउंटवर, लक्ष्य याम्योत्तर वृत्त ओलांडते तेव्हा दुर्बिणीला खांबाच्या एका बाजूकडून दुसरीकडे पलटावे लागते. मध्यरात्री अंधारात, कोणी जवळ नसताना घडणारी ही उलथापालथ आधीच तपासलेली असावी.

मोठ्या दुर्बिणींनाही हा प्रश्न सुटलेला नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्या क्षितिजाला समांतर दिशेत मध्यापासून प्रत्येक बाजूस 270 अंशच फिरू शकतात. फिरत्या भागाला केबल्सनी जोडलेले कोणतेही यंत्र एकाच दिशेने अनंत काळ फिरत राहू शकत नाही; केव्हा ना केव्हा त्याला उलट फिरून पीळ उलगडावा लागतो.

विजेच्या बाबतीत एक हिशेब सांगतो. बारा व्होल्टच्या बॅटरीपासून तीन मीटरवर दुर्बीण आहे व 5 अँपिअर प्रवाह लागतो, असे समजा. तांब्याच्या तारेचा छेद 0.75 चौरस मिलिमीटर असेल, तर जाण्यायेण्याच्या सहा मीटरांत सुमारे 0.7 व्होल्ट खर्ची पडतात, 2.5 चौरस मिलिमीटरचा छेद घेतल्यास केवळ 0.2. बारीक तारेमुळे शीतक सुरू होताच माउंट अडखळते आणि दोष मात्र माउंटला दिला जातो. यू.एस.बी. 2.0 ची केबलही पाच मीटरांहून लांब नसावी.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शाळेच्या पटांगणात आकाशदर्शन होते तेव्हा गवत दवाने भिजलेले असते, दिवे मालविलेले असतात आणि भोवती मुले असतात. अशा जागी 230 व्होल्टची उघडी जोडणी जमिनीवर टाकणे, हा मुलांच्या जिवाशी खेळ आहे. तेथे बारा व्होल्टची बॅटरीच वापरावी व तिच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवावा. मुख्य वाहिनीतून वीज घ्यावीच लागली, तर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा खटका लावावा, जोडणी जमिनीपासून उंच व कोरडी ठेवावी. जमिनीवरची केबल येण्याजाण्याच्या वाटेतून नेऊ नये.

आपल्या शाळांतून दुर्बिणी येत आहेत, माजी विद्यार्थी त्यांना साहाय्य करीत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. त्या साहाय्यात चांगल्या केबल्स, वेल्क्रोच्या पट्ट्या आणि दोन्ही टोकांना नावाच्या चिठ्ठ्या लावण्यासाठी एक दुपार, एवढ्याचीही तरतूद असावी. ते काम मुलांच्या हातून करून घेतल्यास यंत्राचा प्रत्येक भाग काय करतो, हे त्यांना कोणत्याही पाठापेक्षा अधिक नीट कळेल, अशी माझी खात्री आहे.