वर्तुळाकार परकर आणि लीलावती

पंतोजीनें शिवणकामावर लिहावें याचें कित्येक वाचकभगिनींना नवल वाटेल. परंतु गिरकी घेतांच छत्रीसारखा फुलणारा परकर हा मुळांत भूमितीचा विषय आहे, आणि भूमिति आम्हीं पुष्कळ वर्षें शिकविली आहे.

भास्कराचार्यांनीं लीलावतींत (इ. स. ११५०) व्यासावरून परिघ काढण्याच्या दोन रीति दिल्या आहेत. व्यासास ३९२७ नीं गुणून १२५० नीं भागावें ही सूक्ष्म; २२ नीं गुणून ७ नीं भागावें ही स्थूल, व्यवहाराची. परकरास दुसरी पुरते. दहा वर्षांच्या मुलीची कंबर २२ इंच धरूं. परिघ २२, म्हणून व्यास ७ आणि त्रिज्या साडेतीन इंच. उंची २४ इंच हवी असेल तर बाहेरील वर्तुळाची त्रिज्या साडेसत्तावीस इंच होते, आणि खालचा घेर सुमारें १७३ इंच, म्हणजे पावणेपांच वारांहून किंचित् अधिक!

निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्याचा धंदा अमेरिकेंत एबेनेझर बटरिक या शिंप्यानें १८६३ सालीं सुरू केला. आपणांस वर्तमानपत्राचे जोडलेले कागद पुरे. टाचणी, दोरा आणि पेन्सिल घेऊन त्यांवर अर्धवर्तुळ काढावें व तसे दोन तुकडे कापडांतून कापावे. ३६ इंच पन्ह्याचें तीन मीटर कापड यास पुरतें. सुती असल्यास तें आधीं धुऊन वाळवावें.

खरी कसोटी कंबरेपाशीं आहे. शिवणीसाठीं अर्धा इंच सोडावयाचा तो आंतल्या बाजूस, म्हणजे कात्री साडेतीनवर नव्हे, तीन इंचांवर चालवावी. त्रिज्या अर्धा इंच वाढली कीं परिघ तीन इंचांहून अधिक वाढतो. लहान झालेली कंबर पुन्हां कापतां येते. मोठी झालेली लहान होत नाहीं. दोन्ही अर्धकांच्या सरळ कडांनाहि बाजूच्या शिवणीकरितां अर्धा इंच जास्त ठेवावा. एका बाजूची शिवण वरून सहा इंच उघडी ठेवून तेथें हुक लावावे, आणि कंबरपट्टी उरलेल्या कापडांतून काढावी.

गेल्या श्रावणांत आमच्या नातीनें असा परकर मागितला, आणि तोहि आमच्या कैलासवासी वहिनींच्या काठापदराच्या लुगड्याचा. थोरल्या सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांनीं लुगडें पेटींतून बाहेर काढलें नाहीं. त्या लुगड्यांत वहिनींना सर्वांनीं सणावारीं पाहिलेलें. आम्हांस नातीचेंहि म्हणणें पटत होतें. पेटींत कसर लागण्यापेक्षां अंगावर मिरवलेलें बरें. निवाडा शेवटीं भूमितीनेंच केला. काठ सरळ विणलेला असतो, तो वर्तुळाच्या कडेनें वळत नाहीं. वर्तुळ कापावें तर काठ तुकडे होऊन वायां जावयाचा. शिवाय चौकोनांतून वर्तुळ काढतां एकपंचमांशाहून अधिक कापड कोपऱ्यांत उरतें. तेव्हां लुगड्याचा सरळ चुण्यांचा परकर ठरला. काठ खालीं जसाच्या तसा आला, आणि पदर न कापतां सूनबाईंनीं परत पेटींत ठेविला. वर्तुळाकार परकर साध्या निळ्या सुती कापडाचा झाला. नात आतां तोच अधिक वापरते, हें ओघानें सांगितलें.

वर्तुळांत कापडाचा धागा कोठें सरळ खालीं येतो, कोठें तिरपा, म्हणजे उरेब. उरेब भाग स्वतःच्या वजनानें ओघळतो. म्हणून शिवलेला परकर एकदोन रात्री दोरीवर टांगून ठेवावा. मग मुलीला तो नेसवून पाटावर उभें करावें, पाटापासून पट्टीनें सारखें अंतर मोजून खडूनें खुणा कराव्या व वाढलेला भाग छाटावा. उतावळेपणानें आधींच दुमडल्यास घेर वरखालीं दिसतो. दुमड पाव इंचाची, दोनदां घालावी. रुंद दुमड सुरकुतते, कारण बाहेरची कड आंतल्या रेघेहून लांब असते, आणि तेवढें जास्त कापड कोठें तरी गोळा होणारच.