उजेडाची वाटणी

बार्सिलोनाच्या पासेच दे ग्रासिआ रस्त्यावरची ४३ क्रमांकाची इमारत १८७७ मध्ये उभी राहिली तेव्हा ती चारचौघींसारखीच होती. कापडाचे कारखानदार जोसेप बाट्यो यांनी ती विकत घेतली, तेव्हा ती पाडून नवी बांधायचा बेत होता. पण वास्तुकार आंतोनी गाउदीने जुना सांगाडा ठेवला आणि १९०४ ते १९०६ या काळात घर आतून-बाहेरून पालटून टाकलं. तीच आजची ‘कासा बाट्यो’.

मालकांच्या मुख्य मजल्यावर वैभव उघड दिसतं. दिवाणखान्याचं छत भोवऱ्यासारखं फिरत मधल्या दिव्याशी येऊन थांबतं. ओकच्या दारांना सरळ रेघ माहीतच नाही. शेकोटीचा कोनाडा अळंबीच्या आकाराचा, आणि त्याच्या आतच बसायला बाकं.

पण मला या घराची खरी श्रीमंती मधल्या चौकात दिसते. गाउदीने हा चौक रुंद केला, वर काचेचं छप्पर घातलं आणि भिंतींना निळ्या फरशा लावल्या. वरच्या फरशा गडद निळ्या, खाली येता येता फिकट होत जवळजवळ पांढऱ्या. वर ऊन भरपूर, म्हणून गडद रंग ते शोषून घेतो. खाली ते कमी पोचतं, म्हणून फिकट रंग ते परतवतो. खिडक्यांचंही तसंच: वरच्या मजल्यांना लहान, खालच्यांना मोठ्या. खिडक्यांखाली लाकडी झडपा आहेत. त्या उघडल्या की काच न उघडता वारा खेळतो. वरचे मजले भाड्याने दिलेले होते, आणि या चौकाचा उजेड-वारा मालकांइतकाच भाडेकरूंच्याही वाट्याला होता. त्यांच्या दारांवरची अक्षरंसुद्धा गाउदीने स्वतः काढली. पोटमाळ्यावर कपडे धुण्या-वाळवण्याची जागा. तिथेही ६० पांढऱ्या कमानींची रांग. नोकरांच्या वावरायच्या जागेवर एवढी मेहनत घेणारा वास्तुकार दुर्मीळच.

बाट्यो कुटुंबाने १९५० च्या दशकात घर विकलं, मग तिथे कचेऱ्या आल्या. १९९३ मध्ये ते बर्नात कुटुंबाकडे गेलं, २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं. २०१९ मध्ये दर्शनी भाग आणि मुख्य मजला यांची मोठी डागडुजी झाली. कसबी कारागिरांनी केलेलं हे काम मला नंतर आलेल्या डिजिटल दालनांपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. चौकातला उजेड दिवसभर आपणहून बदलत असताना प्रकाशाचा वेगळा खेळ कशाला?

एक उणीव मात्र राहते. जेवणघरासाठी गाउदीने घडवलेल्या लाकडी खुर्च्यांपैकी काही आता पार्क ग्वेलमधल्या त्याच्या संग्रहालयात आहेत. त्यांना गादी नाही, नक्षी नाही. बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे लाकूडच कोरून काढलंय. या घरातली ऐषारामाची कल्पना समजून घ्यायची तर त्या खुर्च्या त्या जेवणघरातच मांडायला हव्यात.