टिकलीखालचा पांढरा डाग

आमच्या नगरकडच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई कपाळावर पदर ओढून बसायच्या. टिकलीच्या जागी आधी खाज सुटली, मग पांढरा डाग पडला. घरात कुजबुज सुरू झाली, "कोड आलंय, आता पोरीचं लग्न कसं जमायचं?"

आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. दोष टिकलीच्या गोंदाचा निघाला. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्याने मरतात. वर्षानुवर्षं लावलेली टिकलीही एक दिवस अंगाला सोसेनाशी होते. खोट्या दागिन्यांतलं, ब्लाउजच्या हुकातलं निकेलही अशीच खाज आणतं.

खाज सुटली की टिकली त्याच दिवशी बंद करा. मेडिकलमधून मनाने मलम आणू नका. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पाठीवर पट्ट्या चिकटवून, दोन दिवसांनी काढून ते कारण शोधतात. डाग भरायला महिने लागतात, उशीर केला तर राहूनही जातो.

आणि बायांनो, कोड असलं तरी ते शिवल्याने लागत नाही. मग पदर कशाला ओढायचा?