सात जास्त कीं नऊ?



आपल्या घरीं चार-पांच वर्षांचें मूल असेल, आणि पाहुणे आले म्हणजे त्याच्याकडून शंभरापर्यंत आंकडे म्हणवून घेण्याची आपल्याला हौस असेल, तर एक लहानसा प्रयोग आजच करून पाहा. मुलाचें म्हणणें संपलें, पाहुण्यांनीं शाबासकी दिली, कीं त्याला सहज विचारा, "बाळ, सात जास्त कीं नऊ?" पुष्कळ मुलें येथें अडखळतात. कांहीं आपल्या तोंडाकडे पाहून अंदाज करतात. कांहीं पुन्हां 'एक, दोन, तीन' असें पहिल्यापासून सुरू करतात आणि सात-नऊ मागें टाकून तशींच पुढें निघून जातात. शंभर आंकडे ज्याला येतात त्याला दोन आंकड्यांतील उणें-अधिक कळूं नये, हें चमत्कारिक वाटतें. पण त्यांत मुलाचा दोष नाहीं.

मीं स्वतः हा दोष एका मुलाच्या माथीं मारलेला आहे, म्हणूनच या विषयावर बोलण्याचें धाडस करतों. चिंचवडच्या बाजूला कामगार वस्तींतील एका शाळेंत मी पहिलीला शिकवीत होतों. वर्गांतील एक मुलगा उजळणी घडाघडा म्हणे. एके दिवशीं फळ्यावर ७ आणि ९ लिहून यांत मोठा कोणता असें मीं त्याला विचारलें. त्यानें थोडें थांबून ९ वर बोट ठेवलें. "नीट पाहा," असें मी म्हणतांच बोट ७ वर गेलें, "नक्की?" म्हणतांच तें परत फिरलें. मीं त्याला उभें केलें आणि त्या महिन्याच्या प्रगतिपुस्तकांत 'गणितांत कच्चा' असा शेरा मारला. त्याच दिवशीं मधल्या सुटींत हाच मुलगा तीन सोबत्यांना चिंचोके वाटीत होता. प्रत्येकाला एकेक, पुन्हां एकेक, याप्रमाणें त्यानें वाटणी केली. शेवटीं दोघांना एकेक जास्त गेला हें न मोजतां ओळखलें, आणि ते दोन चिंचोके परत मागून घेतले. उणें-अधिक त्याला उत्तम कळत होतें. पण शाईनें लिहिलेला आणि वडिलांनीं वाचलेला शेरा थोडाच पुसला जातो?

आंकडे ओळीनें म्हणणें हें प्रथम आरती म्हणण्यासारखेंच आहे. आरतींतील प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असलेलें मूल विरळा; पण चाल आणि क्रम पक्का असतो. 'सात' हा 'सहा'च्या मागून येणारा एक आवाज, एवढेंच त्याला प्रारंभीं ठाऊक असतें. त्या आवाजामागें सात वस्तूंचा समूह आहे, आणि क्रमांत जो पुढें तो समूहानें मोठा, हें नातें वेगळें जुळावें लागतें. पाठांतर वाईट असें मी म्हणत नाहीं. त्याच्याशिवाय पुढचें चालत नाहीं. परंतु उजळणी आली म्हणजे संख्या आली, असें समजून आपण थांबतों.

या नात्याचा शोध घेणाऱ्यांत झां पियाजे या स्विस पंडिताचें नांव प्रथम घ्यावें लागतें. मुलांच्या संख्याज्ञानावरील त्याचा ग्रंथ १९४१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याचा प्रयोग आपण घरीं बटणें घेऊन करूं शकतों. सहा बटणांची एक ओळ मांडावी, तिच्यासमोर तितक्याच बटणांची दुसरी. दोन्ही सारख्या, हें मूल कबूल करतें. मग त्याच्यादेखत एक ओळ पसरून लांब करावी आणि पुन्हां विचारावें. चार-पांच वर्षांचें मूल बहुधा सांगतें, कीं लांब ओळींत जास्त आहेत! एक बटण वाढलें नाहीं कीं कमी झालें नाहीं, तरी डोळ्यानें फसविलें.

पुढें यावर एक सुरेख आक्षेप निघाला. १९७४ च्या सुमारास मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या दोघांनीं हाच प्रयोग स्कॉटलंडांतील मुलांवर केला. परंतु ओळ मोठ्या माणसानें न विसकटतां एका खोडकर खेळण्यांतील अस्वलानें विसकटली, असें सोंग आणलें. तेव्हां पुष्कळच अधिक मुलांनीं बरोबर उत्तर दिलें. याचें एक कारण असें दिसतें, कीं मोठ्या माणसानें तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला म्हणजे मुलाला वाटतें, पहिलें उत्तर चुकलें असलें पाहिजे. हें वाचलें तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें फळ्यावरून इकडून तिकडे फिरणारें तें लहान बोट उभें राहिलें. पहिलें उत्तर बरोबर होतें. तें मीं पुसावयास लावलें. मुलाला तोच प्रश्न लागोपाठ दोनदां विचारूं नये. खात्री करावयाची असेल तर "तुला कसें कळलें?" असें विचारावें, आणि उत्तर बरोबर असो वा चूक, दोन्ही वेळां विचारावें, नाहींतर या प्रश्नाचाहि अर्थ 'चुकलास' असाच होऊन बसतो.

मग प्रारंभ कोठून करावा? जेवणाच्या पंगतीपासून. घरांत सहा माणसें असतील तर मुलाला ताटें मांडूं द्यावींत आणि प्रत्येक ताटांत एकेक वाटी ठेवूं द्यावी. वाट्या मुद्दाम पांच द्याव्या. एक ताट वाटीवांचून राहिलें कीं तें ओरडून सांगेल. येथें मोजणें झालें नाहीं, पण तुलना झाली. जोडीला जोडी लावून जें उरतें तेंच जास्त. यानंतर पांच बटाटे आणि सात शेंगदाणे पुढें ठेवून जास्त काय असें विचारावें. मूल बटाट्यांकडे बोट दाखवील. रागावूं नये. एका बटाट्याशेजारीं एक दाणा, असें लावूं द्यावें. दोन दाणे उरले म्हणजे तें आपणच हंसेल. आकारानें मोठें आणि संख्येनें जास्त या दोन गोष्टी वेगळ्या, हें बटाट्यांइतकें स्पष्ट कोणतेंहि पुस्तक शिकवीत नाहीं.

याच कारणासाठीं पहिल्या दिवसांत 'मोठी संख्या, लहान संख्या' हे शब्द मी टाळावे म्हणेन. मुलाच्या भाषेंत मोठा म्हणजे हत्ती, मोठा म्हणजे दादा. फळ्यावर बारीक लिहिलेला ९ आणि ठसठशीत लिहिलेला ४ यांत त्यानें चाराला मोठा म्हटलें, तर तें शब्दाला धरूनच बोलतें. 'जास्त' म्हणावें. 'कमी' हा शब्द 'जास्त'पेक्षां उशिरा उमजतो, असा माझा अनुभव आहे. कारण मुलाच्या आयुष्यांत जास्त मागण्याचे प्रसंग रोज येतात, कमी मागण्याचे फारसे येत नाहींत! तेव्हां 'कमी'साठीं वेगळे प्रसंग काढावे: कोणाच्या वाटींत कमी पडलें, कोणाला वाढावयाचें राहिलें?

कोणत्या दोन संख्या घ्याव्या यालाहि क्रम आहे. दोन आणि नऊ यांचा निवाडा लगेच होतो. आठ आणि नऊ यांचा कठीण. ही अडचण मुलांचीच आहे असें नव्हे. मॉयर आणि लांडॉवर या दोन संशोधकांनीं १९६७ मध्यें दाखविलें, कीं शहाण्यासुरत्या प्रौढ माणसांनाहि जवळचे अंक ताडतांना दूरच्या अंकांपेक्षां किंचित् अधिक वेळ लागतो. तो वेळ क्षणाच्या लहानशा अंशाएवढा असल्यामुळें आपल्या ध्यानांत येत नाहीं, इतकेंच. मग पहिलीच्या मुलाला 'आठ-नऊ'पासून कां सुरुवात करावी?

दोहोंची तुलना झाली म्हणजे अनेकांचा क्रम. हें काम वरकरणीं तेंच, पण पुष्कळ अवघड. कारण मधल्या वस्तूला एकाच वेळीं दोन नातीं सांभाळावीं लागतात. ती मागच्याहून जास्त आणि पुढच्याहून कमी असते. मारिया माँटेसोरी बाईंनीं, ज्या १९३९ मध्यें हिंदुस्थानांत आल्या व युद्धाच्या काळांत येथेंच राहिल्या, यासाठीं दहा दांड्या योजल्या होत्या. सर्वांत लहान दहा सेंटिमीटरांची आणि सर्वांत लांब एक मीटरची. तांबड्या-निळ्या पट्ट्यांच्या या दांड्या जिन्यासारख्या लावतां लावतां संख्या हातांत उतरते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जें बालशिक्षण चालविलें, त्यांत हेंच तत्त्व गरीब मुलांना परवडेल अशा रूपांत आलें. बिया, खडे, शिंपले, पानें हेंच तेथलें साहित्य.

आमच्या भागाचे खडे-शिंपले कोणते, हें मला त्या मुलाच्या वडिलांनीं शिकविलें. ते भोसरीच्या एका लहान कारखान्यांत फिटर होते. शेरा वाचून शाळेंत आले आणि हात जोडून म्हणाले, "गुरुजी, आपण म्हणतां तर असेल कच्चा. पण घरीं सायकल खोलतांना मी त्याला बारा-तेराचा पाना मागतों, तर तो बरोबर तोच आणतो. ढिला झाला म्हटलें तर खालचा आणून देतो." मला काय बोलावें तें सुचेना. दुसऱ्या दिवशीं मीं त्यांच्याकडून पान्यांचा तो संच उसना मागून वर्गांत नेला.

ज्यांनीं हा संच जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. दोन्ही टोकांना तोंड असलेले हे पाने सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा असे चढत जातात. त्यांवर कोरलेला आंकडा म्हणजे त्या तोंडांत बसणाऱ्या नटाची मिलिमीटरांत रुंदी. आंकडा वाढला कीं तोंड रुंद, पाना लांब आणि वजनहि जास्त. डोळे मिटून मुलांनीं ते हातानें क्रमानें लावले आणि डोळे उघडून आंकडे वाचले, तों आंकडेहि ओळीनें लागलेले! क्रम आणि परिमाण यांची सांगड त्या दिवशीं जशी माझ्या वर्गांत पडली, तशी फळ्यावर कधीं पडली नव्हती. चाकणच्या बाजारांत कांद्याची मोठा, मध्यम, गोल्टी अशी निवड करणाऱ्या बाया हेंच करतात. पण तेथें आंकडा नसतो, येथें तो कोरलेला असतो. मात्र एक सावधगिरी हवी. नऊ नंबरचा पाना म्हणजे नऊ पाने नव्हेत. तें माप आहे, मोजदाद नव्हे; म्हणून शेजारीं नऊ वायसरांची एक रास ठेवावी. पुष्कळ संचांत शेवटचा पाना वीस-बावीसचा असतो. "गुरुजी, एकवीस कुठें गेला?" असें पहिल्याच दिवशीं विचारणारा मुलगा कोण असेल, तें आपण ओळखलेंच असेल.

पाने सर्वांच्या घरीं नसतात. लोकल गाडी मात्र सर्वांची आहे. पुण्याहून निघालें म्हणजे शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी हीं स्टेशनें आमच्या मुलांना तोंडपाठ असतात. कासारवाडी आणि चिंचवड यांच्या मधें कोणतें? आकुर्डीच्या अगोदर कोणतें? अगोदर, नंतर आणि मधें या तीन शब्दांचा असा सराव दुसरीकडे मिळणें कठीण. येथें 'चिंचवड पिंपरीपेक्षां जास्त' असें म्हणणें वेडेपणाचें होईल. पण शिवाजीनगरला एक धरून बोटें मोडलीं कीं पिंपरी पांचवें आणि चिंचवड सहावें येतें, आणि सहा पांचांपेक्षां पुढें याला अर्थ प्राप्त होतो. परतीच्या गाडींत हाच क्रम उलटा म्हणूं द्यावा. सातापासून मागें एकापर्यंत जें मूल न अडखळतां येतें, त्याला संख्यांची जागा कळली असें खुशाल समजावें.

आतां आपल्या भाषेविषयीं दोन शब्द. 'एकोणीस' या शब्दांत विसाला एक उणें अशी तुलना मुळांतच दडलेली आहे. मोठ्यांना यांत मौज वाटते, पण लहान मुलाला 'एकोणतीस' ऐकतांना 'तीस' ऐकूं येतें आणि तें त्याला तिसांपलीकडे नेऊन बसवितें. 'पंचवीस' म्हणतांना पांच आधीं आणि लिहितांना दोन आधीं. मग ५२ लिहिलें तर नवल काय? २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत 'वीस एक, वीस दोन' अशीं नांवें जोडीला आलीं, तेव्हां केवढा गदारोळ झाला तें आपल्याला आठवत असेल. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलें. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचें म्हणणें एवढेंच होतें, कीं या जोडाक्षरी, उलट्या नांवांनीं मुलांच्या मनांत गणिताची भीति बसते. जुनीं नांवें टाकून द्यावींत असें मलाहि वाटत नाहीं. शेंकडों वर्षांचा व्यापार-व्यवहार त्यांतून चालला आहे, घरांत आजी तींच बोलते. परंतु एकोणतीस कीं तीस हें विचारतांना मुलापुढें दहा-दहा काड्यांच्या जुड्या ठेवाव्या, म्हणजे त्याला कानावर अवलंबून राहावें लागत नाहीं. आमच्या परिसरांत तर घरीं एक भाषा आणि शाळेंत दुसरी, अशीं मुलें वर्गावर्गांत आहेत. त्यांना 'एकोणीस' अडलें तर तें गणित अडलें नाहीं, शब्द अडला, एवढा विवेक शिक्षकानें ठेवावा.

राहिलीं तीं दोन चिन्हें, < आणि >. इंग्रज गणिती टॉमस हॅरियट याच्या, मरणोत्तर १६३१ मध्यें छापलेल्या पुस्तकांत तीं प्रथम आलीं. आपल्या वर्गांत त्यांना मगरीचें तोंड म्हणतात. मगर जास्त खाऊ असेल तिकडे तोंड उघडते. युक्ति वाईट नाहीं, पण पुष्कळ मुलें मगर लक्षांत ठेवतात आणि संख्या विसरतात. माझ्या वर्गांत पुढें मीं असा नेम केला, कीं ज्या मुलानें दोन राशी लावून, कोणती जास्त आणि कितीनें जास्त हें तोंडानें सांगितलें, त्यालाच तें चिन्ह लिहावयास द्यावयाचें. कोणाला दिवाळीच्या आधीं मिळालें, कोणाला संक्रांतीनंतर. त्या फिटरच्या मुलाला तें श्रावणांतच मिळालें होतें, आणि पुढच्या प्रगतिपुस्तकांत मागच्या शेऱ्याखालीं मीं लाल शाईनें लिहिलें, कीं वरील शेरा शिक्षकाची चूक आहे.