सलाईनची बाटली आणि अकरा पैशांचं पाणी

आजचा भाग खिदिरपूरहून. कमांड हॉस्पिटल इथून जवळच, अलीपूरला. तपासणीला जाऊन आलो आणि परतताना औषधाच्या दुकानात ओआरएसची पुडी घेतली. म्हटलं, आज या पुडीमागच्या डॉक्टरांबद्दल बोलू. डॉ. दिलीप महालनोबिस, याच कोलकात्याचे.

पण आधी माझी एक चूक कबूल करतो. तरुण कॅप्टन होतो, डोंगरातली चौकी. एका जवानाला जुलाब लागले. आमचा नर्सिंग असिस्टंट त्याच्याजवळ बसून मगमधून घोट-घोट पाणी पाजत होता. मी खेकसलो, "नुसतं पाणी काय पाजतोस? सलाईन लाव!" तो शांतपणे म्हणाला, "साहेब, त्याला गिळता येतंय, लघवीही होतेय. बाटल्या दोनच आहेत, त्या शुद्ध हरपलेल्यासाठी ठेवू." दुसऱ्या दिवशी जवान उठून बसला. मला वाटलं होतं, सुई टोचली नाही म्हणजे उपचारच नाही.

महालनोबिस यांचा जन्म 1934 चा, किशोरगंजचा. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, इंग्लंडमध्ये मुलांच्या रुग्णालयात काम केलं आणि साठच्या दशकात परत आले, जॉन्स हॉपकिन्सच्या इथल्या संशोधन केंद्रात. पटकीच्या म्हणजे कॉलऱ्याच्या रोग्याला तोंडाने मीठ-साखरेचं पाणी देता येतं, हे तोवर कळलेलं होतं. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी धो-धो जातं, पण मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी वाट शाबूत राहते. मीठ आत गेलं की मागोमाग पाणीही जातं. साखर चवीसाठी नसते, मंडळी! ती त्या वाटेची किल्ली आहे. मात्र हे सगळं वॉर्डातलं, डॉक्टरांच्या नजरेखालचं. घरच्या माणसाच्या हाती द्यायची कुणाची तयारी नव्हती.

मग आलं 1971. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. सीमेवरच्या बनगावच्या रुग्णालयात दोन खोल्या कॉलऱ्याच्या रोग्यांनी भरलेल्या, माणसं जमिनीवर. सलाईन लावायचं तर घाणीतच गुडघे टेकायचे. आणि बाटल्या संपत चाललेल्या.

इथे मी फौजी म्हणून बघतो. हा आधी रसदीचा प्रश्न होता. एक लिटर सलाईन म्हणजे किलोभर वजन, वर बाटली, नळी, सुई आणि ती लावणारा शिकलेला हात. महालनोबिस यांनी ठरवलेलं मिश्रण लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. एकूण 28 ग्रॅम! कोलकात्याच्या केंद्रातल्या ग्रंथालयाच्या खोलीत पुड्या भरल्या गेल्या, प्लास्टिक इस्त्रीने चिकटवलं. खर्च लिटरला 11 पैसे. बनगावला तोटीची पिंपं ठेवली आणि आई, भाऊ, शेजारी, जो असेल त्याच्या हाती पेला दिला.

आठ आठवड्यांत सुमारे 3,700 रोगी, मृत्यू 3.6 टक्के. आधी तिथे शंभरातले तीसच्या आसपास जात होते.

तरी वैद्यकीय जगात शंकाच फार. निबंध 1973 मध्ये छापून आला. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेबरोबर अफगाणिस्तान, इजिप्त, येमेनमध्ये हेच काम करत राहिले. 2022 मध्ये गेले, 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण. हयातीत एक कोटी रुपये त्यांनी कोलकात्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थला दिले होते.

आता दुकानात ते गोड, रंगीत पाण्याचे डबे. नाव ओआरएससारखं, आत साखर भरमसाट. अशी साखर आतड्यात उलट पाणी ओढते, जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं याविरुद्ध लढल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर 2025 मध्ये अशा पेयांवर 'ओआरएस' लिहायला बंदी आली.

म्हणून पुडी उलटी करून वाचा. एका लिटरच्या पुडीत 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज हवं. हे सूत्र 2002 पासूनचं, जुन्यापेक्षा सौम्य. पुडी पूर्ण, पाणी बरोबर एक लिटर. अर्धी पुडी पेल्यात अंदाजाने ढवळायची नाही. आणि रोगी पेंगतोय, पिऊ शकत नाही, लघवी थांबलीय, तर थेट रुग्णालय. तिथे सलाईनच लागतं.

माझा तो नर्सिंग असिस्टंट आता कुठे असेल, ठाऊक नाही. त्याची माफी मागायची राहूनच गेली. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.